गल्ल्याची किल्ली कुणाकडे?

रेडिओवरच्या आपल्या मागच्या गप्पांनंतर बऱ्याच गटांनी एकच प्रश्न विचारला. "चटणी, काकवी, पापड बाहेरगावाहून मागवतात. लोक म्हणतात, वेबसाइट करा, ऑनलाइन पैसे घ्या. हे काम बाहेरच्या माणसाला द्यायचं, पण कुणाला? आणि तो फसवणार नाही कशावरून?" आज त्यावरच बोलू. आम्ही यात एकदा चुकलोय. म्हणून पुस्तकातलं न सांगता अंगावर आलेलं सांगतो.

आमच्या गटांच्या संघाचा एक लहानसा गाळा कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, ती व्यापारासाठी, मुख्यतः गुळासाठी. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. पण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला आडत काय असते ते वेगळं शिकवावं लागत नाही. गुळाचे रवे आपण नेतो, सौदा होतो, माल व्यापारी घेतो आणि पैसे आडत्याच्या हातून येतात. सोबत पट्टी येते. वजन किती, दर किती, कपात किती, हातात किती, सगळं तिच्यावर असतं. पट्टी न बघता पैसे घेणारी बाई आपल्यात सापडायची नाही.

ऑनलाइन पैशाचंही असंच आहे. यात तीन जण असतात आणि तिघांची कामं वेगळी असतात. पहिला वेबसाइट बांधणारा. तो आपला गवंडी. दुसरी पैसे गोळा करून पोचवणारी कंपनी. तिला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. ती आपली आडत्या. तिसरी आपली बँक. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आडत्याकडून आपल्या बँकेत यायचे. गवंड्याच्या खिशातून त्यांनी यायचं काहीच कारण नाही.

आमची चूक नेमकी इथेच झाली. आम्ही काम एका ओळखीच्या तरुणाला दिलं. मुलगा हुशार, बोलायला गोड, दरही कमी. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या संघाची कागदपत्रं करत बसलो तर महिना जाईल. सध्या माझंच खातं जोडतो. दर शनिवारी तुमचे पैसे पाठवत जाईन." आम्हाला सोपं वाटलं. दोन महिने पैसे वेळेवर आले. मग दिवाळी तोंडावर आली, मागणी वाढली, चटणीची पार्सलं रोज जायला लागली. आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. फोन उचलेना. उचलला तर "उद्या करतो" म्हणायचा.

पैसे बुडाले नाहीत, हे आधी सांगतो. पण ते आले दिवाळी होऊन गेल्यावर. ज्या बायकांनी उधारीवर मिरची घेऊन चटणी कुटली होती, त्यांची दिवाळी कोरडी गेली. दोघींना गटाच्या कर्जाचा हप्ता चुकवावा लागला. त्यातली एक आजही आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि तिचं चुकतंय असं आम्ही म्हणणार नाही. वेबसाइटचं नावही त्या मुलाच्याच नावावर निघालं. शेवटी ते सोडून द्यावं लागलं. छापलेली हजारभर लेबलं वाया गेली. तो मुलगा काही चोर नव्हता. व्यवस्थाच चुकीची होती, आणि ती आम्ही मान्य केली होती.

आता कामाचं बोलू.

आधी गरज तपासा. माल जत्रेत, बाजारात, गावात विकत असाल तर वेबसाइट नको. गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड बँकेतून घ्या, तेवढं पुरतं. यूपीआय २०१६ साली आलं, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून बँकेने कमिशन घ्यायचं नाही, असा नियम आहे. महिन्याला दहा-वीस मागण्या फोनवर येत असतील तर अ‍ॅग्रिगेटरकडून नुसती पैशाची लिंक पाठवता येते. उमेद अभियानाच्या उमेदमार्टसारखी तयार जागाही बघा. मागण्या एवढ्या वाढल्या की वहीत मावेनात, तेव्हाच स्वतःची वेबसाइट बांधायला काढा.

आडत्या परवान्याचा आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये अशा कंपन्यांसाठी नियम केले. दुसऱ्यांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. गोळा झालेले पैसे तिने स्वतःच्या धंद्यात फिरवायचे नाहीत, एस्क्रो नावाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर असते. बांधणाऱ्याला विचारा, "तू कुठली कंपनी जोडणार?" नाव कळलं की यादीत बघा. तिची पट्टीही मागा. कार्डावर किती टक्के, यूपीआयवर सेवेचा वेगळा आकार आहे का, त्यावर जीएसटी किती, पैसे किती दिवसांत खात्यात पडणार, हे कागदावर घ्या.

सगळं गटाच्या नावावर. वेबसाइटचं नाव, ती ठेवण्याची जागा, अ‍ॅग्रिगेटरचं खातं, बँक खातं, या चारही गोष्टी संघाच्या किंवा गटाच्या नावावर हव्यात. त्यासाठी पॅन कार्ड, नोंदणीचा कागद, ठरावाची प्रत लागते. वेळ जातो, जाऊ द्या. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार हेही ठरवा. सचिवाच्या मुलाचा नंबर देऊ नका. मुलगा उद्या परगावी गेला तर गल्ल्याची किल्ली त्याच्याबरोबर जाते. संघासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. पासवर्ड दोघींकडे असू द्या, आणि पदाधिकारी बदलले की तोही बदला.

जुनी कामं बघा, माणसांशी बोला. कमीत कमी तिघांकडून दर मागवा. प्रत्येकाला म्हणा, "तुम्ही केलेल्या तीन दुकानांचे नंबर द्या." फोन करून एकच विचारा, "काम झाल्यावर वर्षभराने हा फोन उचलतो का?" आम्ही आता सगळ्यात कमी दराला भुलत नाही. घर बांधताना आपण गवंड्याने बांधलेली भिंत हात लावून बघतो. इथेही त्याने केलेल्या दुकानातून दहा-वीस रुपयांची वस्तू मागवून बघा.

कार्डाचा नंबर साठवायचा नाही. कुणी म्हणालं, "गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती आपल्याकडे ठेवू, पुढच्या वेळी सोपं जाईल," तर त्याला तिथेच थांबवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर ही सुद्धा आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे. बांधणाऱ्याने ती यादी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हे करारात लिहून घ्या.

पैसे टप्प्याने द्या. थोडा विसार द्या. चाचणी झाल्यावर मोठा हप्ता द्या. राहिलेले पैसे एक महिना नीट चालल्यावर. चाचणी तुमच्यासमोर व्हायला हवी. एक रुपया भरून बघा, तो गटाच्या पासबुकात दिसला पाहिजे. पैसे परत करून बघा. मध्येच मोबाइल बंद करून बघा. पैसे कापले आणि मागणी नोंदलीच नाही, असं होतं. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे असे अडकले तर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०१९ पासून आहे. हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार, तेही आधी ठरवा.

निघून जायची वाट ठेवा. काम सोडताना सगळे पासवर्ड, मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी आणि वेबसाइटचा पूर्ण मजकूर आठ दिवसांत द्यायचा, ही अट आम्ही आता पहिल्या पानावर घालतो. वर्षाची देखभाल किती, तीही सुरुवातीलाच लिहून घेतो.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. जुलै २०२४ मधली गोष्ट सांगतो. देशातल्या कितीतरी सहकारी आणि ग्रामीण बँका आपली संगणक यंत्रणा स्वतः चालवत नाहीत, बाहेरच्या कंपनीकडून घेतात. त्यातल्या सी-एज नावाच्या कंपनीवर सायबर हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून ३१ जुलैला त्या कंपनीची जोडणी तोडली. बातम्यांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे ऑनलाइन व्यवहार अडले. तपासणी करून दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांच्या खातेदारांची यात काहीच चूक नव्हती. बाहेरचा भागीदार थांबला की आपणही थांबतो. म्हणून दुसरी वाट तयार ठेवायची. आम्ही गाळ्यावर आता दुसऱ्या बँकेचा क्यूआर ठेवलाय, आणि रोजची विक्री वहीतही लिहितो.

एक शेवटचं. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. "तुमचे पैसे आलेत, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. खात्यात दिसले तरच माल पाठवा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

"आम्हाला संगणकातलं काय कळतंय?" असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढायला घेतली, तेव्हा सुरुवातीला परवाना नाकारला गेला, कारण बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली बँक सुरू झाली. आपल्यालाही संगणक कळला नाही तरी हिशेब कळतो, आणि इथे प्रश्न हिशेबाचेच आहेत. पैसे कुणाच्या हातून येतात? किती कापले जातात? किल्ली कुणाकडे?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. करार मराठीत लिहून घ्या, सही करण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि ज्या बाईने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले तिला सही करायला बसवा. आम्ही तसंच केलं. दुसऱ्यांदा काम दुसऱ्याला दिलं, सगळं संघाच्या नावावर केलं, कागदपत्रांना पाच आठवडे लागले. यंदाच्या दिवाळीत प्रत्येक बाईच्या चटणीचे पैसे वसुबारसेच्या आधी तिच्या खात्यात होते.