पाठवणीपर्यंत टिकणारी डिस्क

गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईकर घरी आले, की माळ्यावरच्या ट्रंका उघडतात आणि लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी रत्नागिरीत माझ्या टेबलावर येऊन पडतात. "ताई, याची सीडी मारून द्या." पैसे किती आणि मिळणार कधी, हे सगळेच विचारतात. कोरी डिस्क कुठली वापरणार, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

कारण आमच्याकडची हवा. चार महिने पावसात काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून पाहा, रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती साफ करून टेप चालवली, तरी पुढच्या वेळी ती तितकीच नीट चालेल याची खात्री नसते. व्हीसीआरही आता जुनेच मिळवायचे, कारण ते बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि नव्या यंत्रांचा मार्गच बंद झाला. म्हणजे आज जी डिस्क भरली जाते, ती पुष्कळ घरांत त्या लग्नाची शेवटची चांगली प्रत ठरते. अशा कामात सगळ्यात कमी खर्च कोऱ्या डिस्कचा असतो आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

लांज्याच्या एका काकूंनी दुसरीकडे करून घेतलेली डीव्हीडी मला दाखवायला आणली होती. लग्न त्यांच्या धाकट्या बहिणीचं. सीमांतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी सगळं छान चाललं. पंगतीपासून चित्राचे चौकोन पडायला लागले आणि पाठवणीला डिस्क अडकली ती अडकलीच. पाठवणीत त्यांचे वडील आहेत, म्हणून त्यांना तेवढाच भाग हवा होता. मूळ कॅसेट भंगारात गेलेली. मी ती डिस्क ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली, तर बाहेरच्या काठाजवळ फिकट, ढगाळ पट्टा दिसत होता.

असं पाठवणीलाच होतं, त्याला कारण आहे. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट काठाशी. डीव्हीडीत प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर आणि त्यामागे चकाकणारा, बहुधा चांदीचा थर. लेसर त्या रंगद्रव्यावर खुणा उमटवतो. स्वस्त मालात हा थर काठाकडे एकसारखा बसलेला नसतो. डिंक नीट लागला नसेल, तर ओलही काठातूनच आत शिरते. म्हणून मी डिस्क कधी गच्च भरत नाही, काठाजवळची जागा मोकळी सोडते.

आता डिस्क ओळखायची कशी? डब्यावरचं नाव पाहून नाही. बाजारातल्या पुष्कळ ब्रँडांचा माल दुसऱ्याच कारखान्यात तयार होतो आणि तोच ब्रँड पुढच्या खेपेला आणखी तिसऱ्याकडून माल घेतो. पण प्रत्येक कोऱ्या डिस्कवर ती बनवणाऱ्याचा संकेत आधीच कोरलेला असतो. ती कॉम्प्युटरमध्ये घालून इमगबर्नसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, की तो वाचता येतो. एमसीसी दिसलं तर मित्सुबिशी केमिकलचं तंत्र, म्हणजे व्हर्बेटिमच्या ज्या डिस्कवर 'आझो' छापलेलं असतं त्या. टीवायजी म्हणजे जपानची तायो युदेन. या धंद्यातली माणसं तिचं नाव अजून आदराने घेतात, पण २०१५ च्या अखेरीस तिने हे काम सोडलं. एमबीआय म्हणजे आपली मोझर बेअर, जी २०१८ मध्ये अवसायनात गेली. व्हर्बेटिमसुद्धा मित्सुबिशीने तैवानच्या सीएमसीला विकायचं २०१९ मध्ये ठरवलं. थोडक्यात, चांगल्या डिस्क बनवणारे हात कमी होत चाललेत. म्हणून एकदम मोठा डबा घेण्याआधी मी सुटी डिस्क घेऊन संकेत वाचते, एक भरून शेवटपर्यंत तपासते आणि मगच डबा उचलते. सोनेरी दिसणाऱ्या डिस्कला भुलू नका. खरा सोन्याचा थर गंजत नाही हे खरं, पण पुष्कळदा वरचा नुसता रंगच सोनेरी असतो.

डीव्हीडी वजा आर (-R) घ्यायची की अधिक आर (+R), यावर पूर्वी फार वाद व्हायचे. घरी जुना प्लेअर असेल तर वजा आर घ्या, एवढं पुरे. पुन्हा पुन्हा पुसता येणारी आरडब्ल्यू मात्र आठवणींसाठी नको. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्कही मी टाळते, महाग असून जुन्या प्लेअरवर तीच जास्त अडते.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते ४.३८ दाखवतो. त्यात फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी आहे. तेवढ्या जागेत दोन तास चांगले मावतात. लोक तीन तासांची अख्खी कॅसेट एका डिस्कवर मागतात, मी नाही म्हणते. जुन्या टेपवर चित्रात मुंग्या फार असतात आणि त्यांच्यापायी जागा जास्त लागते. जागा आवळली, की नवरीच्या शालूची जर आणि मांडवातले चेहरे एकमेकांत मिसळून जातात. दोन डिस्क घ्या, पैसे थोडेच वाढतात.

डब्यावर १६एक्स लिहिलेलं असलं तरी मी ८एक्सने भरते. पाच-सहा मिनिटांऐवजी आठ-दहा लागतात, बाकी काही नाही. भरून झाल्यावर ती पडताळून पाहायची आणि मग दुसऱ्या कारखान्याच्या डिस्कवर आणखी एक प्रत काढायची. एका खेपेतला माल बिघडला तरी दुसरी उरते. दुसरी प्रत मी मुंबईला किंवा पुण्याला न्यायला सांगते, आमच्या पावसापासून लांब.

डिस्कवर फोटोचं स्टिकर चिकटवू नका. ते एका बाजूला उचललं गेलं, की डिस्क डगमगत फिरते. डिस्कसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक भागावर तारीख लिहा, डबीत घाला, कपाटात उभी ठेवा. भरलेली फाइलही हार्ड डिस्कवर मागून घ्या आणि डिस्क घ्यायला याल त्याच दिवशी ती मागा, कारण जागा मोकळी करायला आम्ही कामवाले ती फार दिवस ठेवत नाही. कॅसेटही परत न्या. काकूंच्या बहिणीची कॅसेट असती, तर मी ती पुन्हा चालवून पाहिली असती.