केमोथेरपी आणि पोषणाची जोखीम

केमोथेरपीची अनेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींना लक्ष्य करतात; मात्र कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील पेशीही वेगाने विभागत असल्याने तोंड येणे, जुलाब होणे असे त्रास उद्भवतात आणि मळमळ, चव बदलणे व थकवा यांची त्यात भर पडून रुग्णाचा आहार घटतो. शिवाय, कर्करोगामुळे शरीरात निर्माण होणारा दाह स्नायूंमधील प्रथिनांचा ऱ्हास वाढवतो. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे हा या ऱ्हासाचा, म्हणजे कॅकेक्सियाचा, एक प्रमुख निकष मानला जातो.

वजन घटण्याचे गांभीर्य जुन्याच संशोधनातून पुढे आले आहे. अमेरिकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, केमोथेरपीपूर्वीच वजन घटलेल्या रुग्णांचे आयुर्मान बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत तुलनेने कमी आढळले. म्हणूनच पोषणाची चाचपणी उपचार सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी आणि पुढे वेळोवेळी तिची पुनरावृत्ती व्हायला हवी.

ही चाचपणी खर्चिक नसते. २००३ मध्ये मांडण्यात आलेल्या 'एनआरएस-२००२' या पद्धतीत आधी चार प्रश्न असतात: उंचीच्या तुलनेत वजन दर्शवणारा देहवस्तुमान निर्देशांक २०.५ पेक्षा कमी आहे का, गेल्या तीन महिन्यांत वजन घटले का, गेल्या आठवड्यात आहार कमी झाला का आणि आजार तीव्र आहे का. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर पोषणाची स्थिती व आजाराची तीव्रता यांना गुण दिले जातात, सत्तर वा अधिक वयासाठी एक गुण वाढवला जातो आणि बेरीज तीन किंवा अधिक झाल्यास रुग्ण जोखमीत आहे असे मानले जाते. कर्करोगासाठी विशेष वापरल्या जाणाऱ्या 'पीजी-एसजीए' या प्रश्नावलीचा पहिला भाग तर रुग्ण स्वतःच भरतो.

जोखीम नजरेला दिसतेच असे नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या रुग्णाचे वजन ८० वरून ७२ किलोवर आले, तरी त्याचा निर्देशांक सुमारे २६ राहतो आणि तो धडधाकट भासतो, पण त्याचे दहा टक्के वजन गेलेले असते. चरबीच्या आवरणाखाली स्नायू झिजल्यास औषधांची विषाक्तता वाढू शकते. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्नायूंचे क्षेत्रफळ मोजून ही झीज ओळखता येते. रक्तातील अल्ब्युमिन मात्र दाहामुळेही घटत असल्याने केवळ त्यावरून कुपोषणाचा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

जोखीम आढळल्यावर आहारतज्ज्ञ साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने यांचे उद्दिष्ट ठेवतात, तर मळमळ व तोंडाचे व्रण यांवर डॉक्टर स्वतंत्र उपचार करतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण बदलावे लागते. स्नायू एकदा झिजले की ते भरून काढणे कठीण असते, म्हणून केमोथेरपीच्या प्रत्येक चक्रापूर्वी वजनाची नोंद आणि आहाराची विचारपूस हा कर्करोगावरील उपचाराचाच अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.