बाजारातून आणलेला बकरा : पहिले एकवीस दिवस

दिवाळी उलटली की फैजपूर, सावदा, यावल या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एकच हिशेब मांडला जातो. बकरी ईदच्या तोंडावर भाव हाताबाहेर जातात. त्यापेक्षा आताच सहा-सात महिन्यांचे दोन-तीन बकरे घ्यावेत, एक कुर्बानीला ठेवावा आणि बाकीचे विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, फीचा खर्च भागवावा. हिशेब चुकीचा नाही. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तो दरवर्षी होतो.

तो मोडतो तो बहुधा पहिल्या आठवड्यात. आणला तेव्हा उड्या मारणारा बकरा चौथ्या-पाचव्या दिवशी कान पाडून बसतो, नाक-डोळे गळतात, हगवण लागते. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते व्यापाऱ्याने फसवले. केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या घरात उसनवारीच्या पैशांचा बकरा मेला, तर ते पैसे फेडण्यात वर्ष जाते.

खरे म्हणजे आजार बाजारातूनच सोबत आलेला असतो, घरी तो फक्त दिसतो. त्या पिलाचे काय झाले ते पाहा. आईपासून तोडले, टेम्पोत दाटीवाटीने उभे केले, दिवसभर ना पाणी ना चारा, आणि चार गावांच्या बकऱ्यांशी नाकाला नाक. अशा ताणाने अंगातली ताकद घटते. शेळ्यांच्या पीपीआर या विषाणूजन्य आजाराची लक्षणे लागण झाल्यावर साधारण चार ते सहा दिवसांनी दिसतात. म्हणजे बाजारात दात मोजून, पाठ दाबून पारखणाऱ्यालाही तो आजार दिसणार नाही.

जनावरांच्या ये-जा करण्याने काय होते, हे आपल्या भागाने पाहिलेच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यातला लम्पीचा प्रादुर्भाव प्रथम आपल्या शेजारच्या रावेर तालुक्यात, चिनावल गावी आढळला आणि नंतर बघता बघता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. लम्पी हा गाई-म्हशींचा आजार, बकऱ्यांचा नव्हे. त्यात माश्या, डास, गोचीड यांचाही हात असतो. पण नवे जनावर दावणीला बांधण्यापूर्वी वेगळे ठेवावे, हा त्यातला धडा बकऱ्यालाही लागू आहे.

वेगळे म्हणजे किती? तीन आठवडे. मोहल्ल्यातली अंगणे केवढीशी असतात ते आम्हाला ठाऊक आहे, पण घरी आधीच शेळी असेल तर नवा बकरा गच्चीवर, बोळात किंवा बकऱ्या नसलेल्या नातेवाइकाच्या वाड्यात बांधावा. पाण्याची बादली, चाऱ्याचे घमेले वेगळे. चारा-पाणी आधी घरच्या जुन्या शेळीचे करावे, नव्याचे शेवटी, आणि मग हात धुवावेत. सवय लागेपर्यंत कटकट वाटते, एवढेच.

सर्वांत मोठे नुकसान प्रेमापोटी होते. बकरा घरी आला की मुले खूश, दादी खूश. कुणी गहू घालते, कुणी भाकरी, कुणी लग्नातला उरलेला भात. उपाशी पोटात एकदम धान्य गेले की पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि आंत्रविषारासारखा आजार रातोरात जीव घेतो. केळीचा पाला आपल्याकडे सहज मिळतो, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचाही ढीग टाकू नये. आधी सावलीत विसावा, थोडे थोडे गूळ-मिठाचे पाणी, मग हरभऱ्याचे किंवा तुरीचे कोरडे भूस. दोन दिवसांनी बाभूळ, सुबाभळीचा पाला थोडा थोडा. मक्याचा भरडा मूठभरापासून सुरू करून दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवावा. विकणाऱ्याला तो काय खाऊ घालत होता ते विचारून घेतले, तर निम्मे काम सोपे होते. भाव करताना तासभर घासाघीस करणारे आपण एवढे मात्र विचारत नाही.

बकऱ्याचे अंग साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. रोज सकाळी, ऊन चढण्यापूर्वी ताप पाहावा. १०४ च्या वर गेला, रवंथ थांबले किंवा खोकला सुरू झाला, तर शेजाऱ्याने सांगितलेले इंजेक्शन न शोधता पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जंताचे औषध दोन-चार दिवसांनी, वजनाप्रमाणे. लसी मात्र बकरा सावरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची दरवर्षी, पावसाळ्याआधी घ्यावी लागते. पहिल्यांदाच देताना तिची दुसरी मात्रा दोन-तीन आठवड्यांनी द्यावी लागते.

ओठांवर खपल्या दिसल्या तर तो बहुतेक मावा. तो माणसाच्या हातालाही लागतो. लाडाने तोंडाला तोंड लावणाऱ्या लहान मुलांना तेवढे दिवस दूर ठेवा आणि औषध लावताना हातमोजे घाला.

थंडीत आणलेला बकरा रात्री गारठ्यात उघड्यावर नको. हल्ली ईद भर उन्हाळ्याकडे सरकली आहे. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेला बकरा धापा टाकूनच वजन गमावतो. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने टाकावीत आणि पाण्याचे भांडे दुपारी पुन्हा भरावे.

कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पूर्ण हवे आणि उघड आजारी, लंगडे, आंधळे जनावर चालत नाही, हे घरोघरी माहीत आहे. म्हणून घेतानाच वय नीट विचारावे आणि बाजार समितीची पावती जपून ठेवावी. एवढे करूनही एखादा दगावला, तर त्याला नाल्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि दवाखान्यात कळवावे, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्या बकऱ्यांना वेळेत लस देता येईल.