साडेसहा ग्रॅमचा दाब

झांबियाच्या उत्तर भागात बांगवेउलू नावाचा पाणथळ प्रदेश आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी चढतं ते माणसाच्या कमरेइतकं, फार तर डोक्यावरून हातभर. म्हणजे एक ते दोन मीटर. पण तेवढ्यानं पाण्याची कड ४५ किलोमीटरपर्यंत पुढे सरकते. दीड मीटर भागिले ४५ किलोमीटर हा हिशेब मी दोनदा करून पाहिला. किलोमीटरमागे सव्वातीन सेंटिमीटरहून किंचित जास्त उतार येतो, जेमतेम दोन बोटं. अशा जमिनीवर उभ्या माणसाला ती पाटासारखी सपाट दिसणार. उतार आहे हे फक्त पाण्याला कळतं.

सगळं मिळून हा पसारा भर पुराच्या दिवसांत सुमारे १५,००० चौरस किलोमीटरचा. आत आलेल्या पाण्यातलं जवळजवळ ९० टक्के पाणी वाफ होऊन उडून जातं. बोत्स्वानातलं ओकावांगो तर त्याहून टोकाचं. दरवर्षी सुमारे ११ घन किलोमीटर पाणी अंगोलाच्या डोंगरातून निघतं, समुद्राकडे न जाता वाळवंटाच्या तोंडाशी पसरतं आणि तिथेच संपतं. पुढे वाहून जातं ते दोन-तीन टक्के. दक्षिण सुदानमधलं सुद आकारानं या सगळ्यांना मागे टाकतं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेला त्याचा भाग ५७,००० चौरस किलोमीटर आहे, मराठवाड्याहून थोडाच लहान. ‘सुद’ हा शब्द अरबीतल्या ‘अडथळा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. इ.स. ६१च्या सुमारास रोमन सम्राट नीरोनं नाईलच्या वरच्या अंगाला पाठवलेले सैनिक ज्या अफाट दलदलीपाशी थबकले, ती हीच असावी असं इतिहासकार मानतात.

हा अडथळा आहे तरी कसला? पाणी घोटाभर, तिथे होडीचा तळ टेकतो. खाली गाळ मांडीभर, तिथे जीपचं चाक रुततं. चालावं तर दर पावलाला पाय उपसून काढावा लागतो. होडीला पाणी हवं, चाकाला जमीन हवी, आणि इथे दोन्ही अर्धवट. म्हणून हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या, हौशी लोकांनी चालवायच्या दोन आसनी हॉवरक्राफ्टचा हिशेब मला विलक्षण वाटतो.

यंत्राचं वजन अडीचशे किलो धरू, माणसं दोन, एकूण चारशे. खालची हवेची गादी सहा चौरस मीटरची. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरवर भार पडतो साधारण साडेसहा ग्रॅम. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर तोच आकडा पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात जातो, आणि चालताना एका पायावर आला की दुप्पट. पाच टनांचा हत्ती आपल्या रुंद तळव्यांनी सुमारे एक किलोचा दाब देतो. म्हणजे माणसांसह अख्खं वाहन जमिनीला माणसाच्या पावलापेक्षा पंचवीसपटीनं आणि हत्तीपेक्षा दीडशेपटीनं हलकं लागतं. सतरा-अठरा मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या आणि गच्चीवरच्या हवेच्या दाबात जेवढा फरक असतो, तेवढ्याच फरकावर हे चारशे किलो तरंगतात. उभ्यानं तरंगत असताना खालच्या पाण्याला खळगा पडतो तोही साडेसहा सेंटिमीटरचा.

ही युक्ती ब्रिटिश अभियंता ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५०च्या दशकात सिद्ध केली ती दोन डब्यांवर. कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाद्याचा छोटा डबा बसवला, दोघांमधल्या फटीतून हवा खाली सोडली आणि वजनकाट्यावर दाब मोजला. नुसत्या एका नळीतून सोडलेल्या हवेपेक्षा कडेनं कड्यासारखी सोडलेली हवा जास्त भार पेलते, हे त्या काट्यावर दिसलं. २५ जुलै १९५९ रोजी त्यांच्या कल्पनेवर बांधलेल्या वाहनानं इंग्लिश खाडी ओलांडली. पुढच्या दहा वर्षांत, १९६९मध्ये, एसआर-एन६ जातीचं एक मोठं हॉवरक्राफ्ट पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलपासून काँगो नदीवरच्या किन्शासापर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर गेलं. नायजर नदी आणि चाड सरोवर त्याच्या वाटेत होतं. त्याच चाड सरोवराचा विस्तार १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटर होता. वीस-पंचवीस वर्षांत तो दोन हजारांच्या आसपास आला. ते प्रवासी ज्या पाण्यावरून गेले त्यातलं बरंचसं पुढे उरलंच नाही.

हवेवर तरंगणारं वाहन सगळीकडे जातं असं मात्र नाही. हवेच्या गादीभोवतीची झालर यंत्राला जमिनीपासून वीतभर उचलते, म्हणून आखूड गवत, चिखल, उथळ पाणी सहज पार होतं. पण पपायरसचे वाढलेले बुंधे माणसाच्या दुपटीहून उंच असतात, आणि तिथे हे यंत्र भिंतीला धडकल्यासारखं थांबतं. ब्रेक नाहीत. वळताना ते बर्फावर घसरावं तसं आडवं सरकतं. पेट्रोलही चांगलंच पितं, आणि पाणथळीच्या मधोमध पंप नसतो. परतीचं इंधन सोबत घेतलं की वजन वाढतं, वजन वाढलं की साडेसहाचा आकडा चढतो.

आणि आवाज. जमिनीला न दुखावणारं हे वाहन हवेला मात्र फाडत जातं. बांगवेउलूत शूबिल नावाचा पक्षी आहे, चार फूट उंच, लाकडी जोड्यासारख्या चोचीचा. मासा वर येईपर्यंत तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा राहतो. जगात असे पक्षी काही हजारच उरलेत. काळा लेचवे हा हरणासारखा प्राणी तर मूळचा या एकाच प्रदेशातला. त्यांच्या शेजारून पंख्याचा कल्लोळ नेण्याचा हक्क हौसेला नाही, असं माझं ठाम मत आहे. घरटी लांब असतानाच इंजिन बंद करावं आणि उरलेली वाट स्थानिक नावाड्याच्या डोंगीतून, लांब काठीनं तळ रेटत कापावी. त्या नावाड्याला पाण्याची खोली यंत्राशिवायही कळते.

बांगवेउलूच्या याच पाण्यातून १८७३च्या सुरुवातीला स्कॉटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजारी अवस्थेत गेले, शेवटी शेवटी तर सोबत्यांच्या खांद्यावरून. १ मे रोजी चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी त्यांचा अंत झाला. सोबत्यांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट पायी तुडवत किनाऱ्यावर आणला. त्याला जवळजवळ नऊ महिने लागले. पुरताना प्रार्थना वाचणारा आणि झाडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी तरुण होता. तो शिकला होता नाशिकजवळच्या शरणपूरला. बांगवेउलूला जाणाऱ्या मराठी माणसानं चितांबोला थांबावं, आणि त्याचं नाव घ्यावं.