शिवारावरची हवा (१२) : धुराला कळतं, यंत्राला कळत नाही

आज पाण्याचा हिशेब मांडायचं कबूल केलं होतं. तो एक आठवडा थांबेल. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय आणि त्यातल्या शेवटच्या प्रश्नानं चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही. ते लिहितात, 'पहाटे गारठा वाढला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या करतो. तुमचं सिंटिलोमीटर बागेवर लावलं, तर ऊब वर चालली की खाली येतेय, हे ते सांगेल का?'

नाही सांगणार. यंत्र भारी किमतीचं, पण दिशेच्या बाबतीत ठार आंधळं.

सिंटिलोमीटरची आपली मांडणी आठवा. कादवा नदीच्या अलीकडच्या टेकाडावर दिवा, दीड-दोन किलोमीटरवर पलीकडे डोळा, मधे बागा. दिव्याचा ८८० नॅनोमीटरचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश गरम-गार भोवऱ्यांतून येताना लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यावरून आपण सीएन-स्क्वेअर आणि त्यावरून वाहणाऱ्या उबेचा आकडा काढतो. सगळा घोळ या नावातल्या 'स्क्वेअर'चा. हवेतल्या दोन बिंदूंच्या अपवर्तनांकांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अशा वर्गांची सरासरी काढायची. वर्ग केला की उणे चिन्ह गेलं. उणे तीनचा वर्ग नऊ, अधिक तीनचाही नऊच. तापलेल्या जमिनीवरून ऊब वर चाललेली असो, की गार जमीन वरच्या हवेतून ती ओढून घेत असो, किरण लुकलुकतो तो सारखाच.

मग आम्ही काय करतो? दिवसभराचा आलेख समोर घेऊन त्यातले दोन खड्डे शोधतो. एक सूर्योदयानंतर थोड्या वेळानं, दुसरा सूर्यास्ताच्या आधी. त्या दोन वेळी जमीन आणि हवा जवळपास सारख्याच तापमानाला येतात, भोवऱ्यांत गरम-गार असं काही उरत नाही आणि किरण शांत होतो. या दोन खड्ड्यांमधला दिवस अधिक, बाकी रात्र उणे. कोरड्या सपाट माळावर हा नियम छान चालतो. दिंडोरीत मात्र फसगत होऊ शकते.

फेब्रुवारी-मार्चमधली दुपार घ्या. बागेला ठिबकचं पाणी चालू आहे, शेजारी हरभरा निघालेलं काळं रान उघडं पडलंय. त्या रानावर तापलेला वारा बागेत शिरतो. बाष्पीभवनानं पानं इतकी गार असतात की वाराच त्यांना ऊब देऊ लागतो. अशा वेळी संध्याकाळचा खड्डा भर दुपारीच येऊन जातो. ज्याच्या तो लक्षात आला नाही, तो उणे आकडा अधिक धरून पुढे जातो.

याची किंमत किती? समजा, उन्हातून मिळालेल्या उष्णतेतून जमिनीत मुरलेली वजा जाता चौरस मीटरमागे ४०० वॅट उरले आणि किरणानं ५० वॅट दाखवले. ते वर चाललेत म्हटलं तर बाष्पीभवनाला ३५० राहतात, खाली येताहेत म्हटलं तर ४५० मिळतात. फरक १०० वॅटचा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४.५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे तासाला एकरी सुमारे ६०० लिटर पाण्याची चूक, एका चिन्हापायी! म्हणूनच यंत्रासोबत दोन उंचींवर दोन तापमापक लावावेत, असा माझा हट्ट असतो.

आता शेकोटी. धूर दोन पुरुष वर चढून आडवा झाला आणि बागेवर गोधडीसारखा पसरला, की समजावं, खाली गार, वर गरम आणि ऊब खाली येतेय. ऊन तापल्यावर तोच धूर उंच चढत जातो. यंत्राला न सापडणारं चिन्ह ते हेच.

मात्र धुराची चादर जमिनीची ऊब अडवते, ही समजूत सोडून द्या. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी साधारण १० मायक्रॉनच्या. धुराचे कण त्याहून पुष्कळ बारीक, त्यांना त्या फारशा जुमानत नाहीत. काम करते ती आग. तिची ऊब वरच्या गरम थराखाली कोंडली जाते आणि हवा ढवळली जाते. एकच मोठा जाळ केला तर तो हा थर फोडून ऊब वर घेऊन जातो. म्हणून शेकोट्या लहान हव्यात आणि पुष्कळ हव्यात. ओला पाला जाळून नुसता धूर करण्यात खोकल्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. कॅलिफोर्नियातले बागायतदार तर खांबावर मोठा पंखा बसवून वरची गरम हवाच खाली आणतात.

आणि शेकोट्यांच्या रात्री आपला किरण काय दाखवेल? भलतेच मोठे आकडे. लुकलुकण्यावरून उबेचा आकडा काढायला आपण वापरतो ते मोनिन आणि ओबुखोव यांचं १९५४चं गणित खालची जमीन एकसारखी आहे असं धरून चालतं, जागोजागी जाळ असले तर ते लागू पडत नाही. त्या रात्रीची नोंद मी सरळ बाद करीन.

तेव्हा पत्रलेखकांना एक विनंती. निर्यातीसाठी फवारणीची वही तुम्ही ठेवतच असाल. या थंडीत तिच्यात एक रकाना वाढवा : शेकोट्या विझत आल्यावर धूर किती वाजता वर चढू लागला? पंधरा दिवसांच्या वेळा मला कळवा. सकाळचा खड्डा त्याच सुमाराला पडायला हवा.