पाणवठा एकच हवा

ताथवडे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. नळाचे पाणी मात्र त्या वेगाने वाढले नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने शहराला दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ केला. येथील अनेक गृहसंस्थांना तर टँकरच्या फेऱ्या अंगवळणी पडल्या आहेत.

ज्याला पाणी विकत घेता येते, तो त्याविषयी बोलेनासा होतो, हा यातील खरा धोका होय. या इमारती बांधणाऱ्या मजुराला ते विकत घेणेही परवडत नाही; आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची सवड कोणास असते?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते समतेच्या हक्कासाठी. १९७२ च्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ हाती घेतली. गावकऱ्यांनी पाणी एकत्र भरावे, एवढीच तिची मागणी होती. शुद्ध पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केला, तो २८ जुलै २०१० रोजी!

परंतु ठरावाने हंडा भरत नाही. त्यासाठी स्वतःहून बोलणारी माणसे लागतात. सुशिक्षितांनी आपल्या टाकीबरोबरच शेजारच्या मजूरवस्तीच्या नळासाठीही अर्ज करावा. टँकरच्या पाण्याच्या तपासणीचा आग्रह धरावा. काल जातीने पाणवठे निराळे केले. आज ते पैशाने होऊ देता कामा नयेत.