कर्करोग थांबू शकतो, ताप नाही

रक्ताचा कर्करोग म्हटले, की तातडीची केमोथेरपी आणि रुग्णालयातील दीर्घ मुक्काम डोळ्यांसमोर येतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया अर्थात सीएलएल हा प्रकार त्याला अपवाद आहे. प्रामुख्याने उतारवयात आढळणारा हा आजार बहुधा इतक्या संथपणे वाढतो, की अनेक रुग्णांना निदानानंतर कित्येक वर्षे औषध द्यावे लागत नाही. डॉक्टर ठरावीक काळाने रक्त तपासून लक्ष ठेवतात. मात्र, औषध नाही म्हणजे धोका नाही, हा समज घातक ठरतो. या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण जंतुसंसर्ग हेच आहे.

याचे कारण आजाराच्या स्वरूपातच दडलेले आहे. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार होण्याची सुरुवात बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपासून होते. सीएलएलमध्ये याच पेशी बिघडतात. त्यामुळे तपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या भरमसाट दिसली, तरी प्रतिपिंडे अपुरी पडतात. न्यूमोनिया, सायनसचा संसर्ग, मूत्रमार्गाचा दाह आणि नागीण हे विकार अशा शरीराला लवकर गाठतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या गावात ही काळजी दैनंदिन जीवनाशी जोडावी लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल मोठे. त्यामुळे पाणी साठवणे ओघानेच आले. साठवलेले पाणी झाकून ठेवावे, हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे आणि पिण्यासाठी उकळावे. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र कमी होत नाहीत, हेही ध्यानात असावे. शेतात माती, शेणखत किंवा बुरशी लागलेला कडबा हाताळताना हातमोजे, बूट आणि मास्क वापरावा. जखम लहान असली, तरी ती लगेच साबण-पाण्याने धुऊन झाकावी. घरात कुणाला सर्दी-खोकला असल्यास रुग्णाने अंतर राखावे. क्षयरोग्याशी संपर्क आला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लसीकरण हे दुसरे कवच होय. फ्लूची लस दरवर्षी, तसेच न्यूमोकोकल लस आणि नागिणीची निर्जीव घटकांपासून बनवलेली लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. ही नागिणीची लस भारतात २०२३पासून उपलब्ध आहे. सीएलएलमध्ये लसींचा परिणाम काहीसा कमी होतो. म्हणून औषधोपचार सुरू होण्यापूर्वीच त्या घेणे श्रेयस्कर. जिवंत जंतू असलेल्या लसी मात्र टाळाव्यात. कुटुंबीयांनीही आपल्या लसी वेळेवर घेतल्यास रुग्णाचे आपोआप रक्षण होते.

उपचार सुरू झाल्यावर सावधगिरी वाढवावी लागते. रिटुक्सिमॅबसारख्या औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला हिपॅटायटिस-बी पुन्हा उसळू शकतो. त्यामुळे आधी त्याची चाचणी आवश्यक ठरते. प्रतिपिंडे फारच कमी असून गंभीर संसर्ग वारंवार होत असल्यास ती शिरेवाटे देण्याचाही पर्याय असतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तापाचा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, थंडी वाजून येणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरच्या घरी तापाची गोळी घेत राहिल्यास ताप उतरतो, पण संसर्ग आत वाढत राहतो. जुन्या चिठ्ठीवरील प्रतिजैविके परस्पर घेणेही तितकेच धोक्याचे. नियमित तपासणी अकोला, नागपूर किंवा मुंबईत होत असली, तरी रात्री-अपरात्री प्रथम गाठायचे रुग्णालय जवळचेच असते. तेथील डॉक्टरांना आजाराची कल्पना आधीच देऊन ठेवावी. आजाराचे नाव, चालू औषधे, अलीकडचा रक्त अहवाल आणि तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद, थर्मामीटर आणि वाहनाची सोय एवढी तयारी प्रत्येक घरात असावी. सीएलएलचा रुग्ण वर्षानुवर्षे शेती, व्यवसाय आणि संसार सांभाळू शकतो. त्यासाठी घराबाहेर पडणे थांबवण्याची नव्हे, तर या सवयी अंगवळणी पाडण्याची गरज आहे.